पक्षाचा पुढचा नेता कोण, हे आधी ओळखायचं कसं? ब्रिटनच्या हुजूर पक्षावरून सगळी पद्धत

8 ऑक्टोबर 2024 ला ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या खासदारांनी नेतेपदासाठी तिसऱ्या फेरीचं मतदान केलं. जेम्स क्लेव्हर्ली 39 मतं घेऊन पहिले, रॉबर्ट जेनरिक 31, केमी बेडनॉक 30, आणि टॉम टुगेनहाट 20 वर बाद. त्या संध्याकाळी क्लेव्हर्ली फायनलला, म्हणजे शेवटच्या दोघांत, गेल्यातच जमा आहेत असं बहुतेकांनी धरलं होतं. दुसऱ्या दिवशी चौथी फेरी झाली: बेडनॉक 42, जेनरिक 41, क्लेव्हर्ली 37. आदल्या दिवशी पहिला आलेला माणूस स्पर्धेतूनच बाहेर.

याला योगायोग म्हणून सोडून देऊ नका, कारण या पक्षात हे पुन्हा पुन्हा झालंय आणि आकड्यांची सवय असलेल्याला धोका आधी दिसू शकतो. माझं सरळ मत असं आहे की नेता कोण होणार याचा अंदाज बहुतेक लोक उलट्या टोकापासून बांधतात. लोकप्रिय कोण, भाषण कुणाचं चांगलं, कुणाचं वजन किती, इथून सुरुवात होते. खरं तर सुरुवात "मत कोण देणार आणि पुढच्या फेरीत गळणार कोण" इथून करायची. जिंकणारा आपोआप शेवटी उरतो.

उदाहरणं मुद्दाम हुजूर पक्षाची घेतोय, कारण तिथे प्रत्येक फेरीचे आकडे जाहीर होतात, नियम लेखी असतात, आणि 1965 पासूनचा रेकॉर्ड उपलब्ध आहे (त्याआधी नेता निवडणुकीने ठरतच नव्हता, वरची मंडळी आपसात ठरवायची). हात बसवायला यापेक्षा चांगलं मैदान नाही. आपल्याकडच्या पक्षांचं वेगळं आहे, त्यावर पुढे लिहिलंय.

स्टेप 1: खुर्ची रिकामी होणार आहे का ते बघा

हे सोडून लोक डायरेक्ट नावांवर जातात. हुजूर पक्षात नेत्यावर अविश्वास दाखवायचा असेल तर खासदार 1922 कमिटीच्या (पक्षाच्या साध्या, म्हणजे पद नसलेल्या खासदारांची संघटना) अध्यक्षाला पत्र देतात. आधी 15 टक्के खासदारांची पत्रं पुरत होती, 2024 मध्ये ती अट एक तृतीयांशवर नेली. पत्रं गुप्त असतात, आकडा फक्त अध्यक्षाला माहीत, त्यामुळे "इतकी पत्रं गेली" अशा बातम्यांना फार किंमत देऊ नका.

अविश्वास ठराव जिंकला म्हणजे नेता वाचला असंही समजू नका. थेरेसा मे डिसेंबर 2018 मध्ये 200 विरुद्ध 117 ने जिंकल्या आणि पुढच्या मे महिन्यात त्यांना पायउतार होत असल्याचं जाहीर करावं लागलं. बोरिस जॉन्सन 6 जून 2022 ला 211 विरुद्ध 148 ने जिंकले, आणि 7 जुलैला राजीनाम्याची घोषणा! पत्रांपेक्षा पक्की खूण म्हणजे मंत्र्यांचे राजीनामे. 5 जुलैला ऋषी सुनक आणि साजिद जाविद काही मिनिटांच्या अंतराने बाहेर पडले, मग रांगच लागली आणि दोन दिवसांत विषय संपला. कॅबिनेटमधला मोठा माणूस स्वतःहून बाहेर पडला की तुमची वही उघडायची.

स्टेप 2: मतदार नेमका कोण

हुजूर पक्षात दोन टप्पे आहेत. आधी खासदार गुप्त मतदानाने फेरीमागून फेरी एकेकाला गाळत दोघांवर आणतात, मग त्या दोघांतून पक्षाचे वर्गणी भरणारे सदस्य निवडतात. ही पद्धत 1998 मध्ये विल्यम हेग यांच्या काळात आली. त्याआधी सगळं खासदारांच्याच हातात होतं. जनता कुठेच नाही. 2024 ला मतदानाचा हक्क असलेले सदस्य होते 1,31,680. महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून जास्त मतदार असतात, म्हणजे आपल्या अर्ध्या मतदारसंघाएवढे लोकसुद्धा नाहीत, आणि हेच लोक पक्ष सत्तेत असेल तर देशाचा पंतप्रधान ठरवतात. म्हणून "जनतेत कोण पॉप्युलर" हा सर्व्हे बघून अंदाज बांधणं जवळपास वाया जातं.

मतदार बदलला की निकाल बदलतो याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मजूर पक्षाचं आहे. 2010 मध्ये त्यांच्याकडे खासदार, सदस्य आणि कामगार संघटना असे तीन गट होते. डेव्हिड मिलिबँड खासदारांत पुढे, सदस्यांतही पुढे, तरी संघटनांच्या मतांवर धाकटा भाऊ एड 50.65 टक्क्यांनी जिंकला. 2015 ला नियम बदलून तीन पौंड भरणाऱ्या समर्थकालाही मत दिलं आणि जेरेमी कॉर्बिन पहिल्याच फेरीत 59.5 टक्के घेऊन गेले. तेच कॉर्बिन उमेदवारीसाठी लागणारे 35 खासदार मुदत संपता संपता कसेबसे जमवू शकले होते. काही खासदारांनी तर चर्चा व्हावी एवढ्यासाठी नाव दिलं होतं. अडसर फक्त उमेदवारीचा होता, तो ओलांडला की पुढचा मतदार पूर्ण वेगळा होता.

स्टेप 3: या वेळचे नियम वाचा, मागच्या वेळचे नाही

हे फार महत्त्वाचं आहे. उमेदवारीला किती खासदार लागतात हे हुजूर पक्षात दर वेळी बदलतं: 2019 ला 8, जुलै 2022 ला 20, ऑक्टोबर 2022 ला एकदम 100, 2024 ला 10. त्या 100 च्या अटीने काय केलं बघा. पक्षाचे खासदार होते 357, म्हणजे जास्तीत जास्त तीनच उमेदवार शक्य. लिझ ट्रस यांनी 20 ऑक्टोबरला राजीनामा दिला आणि अर्जाची मुदत 24 तारखेला दुपारी दोनला. चार दिवस. बोरिस जॉन्सन यांनी आदल्या रात्री माघार घेतली, पेनी मॉरडॉन्ट यांनी मुदत संपता संपता, आणि सुनक बिनविरोध. सदस्यांपर्यंत प्रकरण गेलंच नाही. ज्या सदस्यांनी सात आठवड्यांपूर्वी ट्रसना निवडून सुनकना हरवलं होतं त्यांना विचारलंही गेलं नाही! अट उंच आणि मुदत कमी असेल तर खासदारांचा लाडका उमेदवार येतो. अट खाली आणि प्रचार लांब असेल तर सदस्यांचा येतो. नियम कोण बनवतंय आणि त्यांना काय हवंय हे इथेच कळतं.

स्टेप 4: पात्र कोण

हुजूर पक्षाचा नेता व्हायला खासदार असावं लागतं. थोडक्यात होण्यासारखं काम आहे, पण करा. पेनी मॉरडॉन्ट यांचं नाव कित्येक वर्षं पुढच्या नेत्यांच्या यादीत होतं, जुलै 2024 ला त्या पोर्ट्समाउथ नॉर्थमधून 780 मतांनी पडल्या आणि विषय तिथेच संपला. निवडणूक तोंडावर असेल तर प्रत्येक इच्छुकाचा मतदारसंघ सेफ आहे का तेही लिहून ठेवा.

स्टेप 5: खासदार मोजा, एकेक करून

एक शीट बनवा. पहिल्या कॉलममध्ये प्रत्येक खासदाराचं नाव, दुसऱ्यात कुणाला जाहीर पाठिंबा, तिसऱ्यात तो कधी आणि कुठे जाहीर केला, चौथ्यात कुठला गट (उजवे, मध्यममार्गी, युरोपचा प्रश्न, आधीच्या नेत्याच्या जवळचे), आणि पाचव्यात "याचा माणूस बाद झाला तर हा कुठे जाईल". बहुतेक जण पहिले दोन कॉलम भरून थांबतात, पण खरा उपयोग पाचव्याचा आहे.

फक्त स्वतःच्या तोंडाने किंवा स्वतःच्या अकाउंटवरून सांगितलेलं धरा. "आमच्याकडे इतके आहेत" असं कॅम्पचे लोक सांगतात ते वेगळ्या रंगात लिहा, बेरजेत घेऊ नका. आणि जाहीर पाठिंबा दिलेला खासदारसुद्धा गुप्त मतदानात काहीही करू शकतो. एकाला शब्द देऊन दुसऱ्याला मत टाकणारे तिथेही आहेत, हे आपल्याला विधान परिषदेच्या क्रॉस व्होटिंगमुळे समजावून सांगायला नको. म्हणून जाहीर आकड्यातून थोडी गळती धरूनच चालायचं.

स्टेप 6: गळतीचं गणित (इथे वेळ द्या)

सदस्यांकडे दोन नावं पाठवण्याआधीची जी शेवटची फेरी असते त्यात तिघे असतात. त्या फेरीत दुसऱ्या आणि तिसऱ्यात किती फरक होता बघा. 2001 ला केन क्लार्क 59, इयान डंकन स्मिथ 54, मायकेल पोर्टिलो 53. फरक 1. 2005 ला कॅमेरॉन 90, डेव्हिस 57, फॉक्स 51, फरक 6. 2019 ला जॉन्सन 160, हंट 77, गोव्ह 75, फरक 2. जुलै 2022 ला सुनक 137, ट्रस 113, मॉरडॉन्ट 105, फरक 8. 2024 ला वर दिलेले आकडे, फरक 4. फक्त 2016 ला फरक मोठा होता (मे 199, लेडसम 84, गोव्ह 46) आणि तेव्हा लेडसम यांनी नंतर माघार घेतल्यामुळे सदस्यांचं मतदानच झालं नाही. म्हणजे बहुतेक वेळा पक्षाचं भवितव्य हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या खासदारांनी ठरवलंय. 2001 ला ते एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर डंकन स्मिथ यांना सदस्यांसमोर जाताच आलं नसतं, आणि तेच तिथे 1,55,933 विरुद्ध 1,00,864 ने जिंकले.

तर गणित असं करायचं. तिघे उरले असतील तर एकूण मतांच्या एक तृतीयांशपेक्षा एक मत जरी जास्त मिळालं तरी तुम्ही बाद होऊ शकत नाही. हा झाला सेफ आकडा. 2024 ला 120 मतं पडत होती, एक तृतीयांश 40, म्हणजे सेफ आकडा 41. क्लेव्हर्ली 39 वर होते. दोन कमी. टुगेनहाट यांची 20 मतं मोकळी झाली होती आणि ते दोघे साधारण एकाच मध्यममार्गी गटातले, म्हणून सगळ्यांना वाटलं दोन मतं सहज येतील. झालं काय तर बेडनॉकना 12 वाढली, जेनरिकना 10 वाढली, बेरीज 22, म्हणजे टुगेनहाट यांच्या 20 पेक्षा दोन जास्त, आणि ती दोन क्लेव्हर्लींची कमी झाली. आपला माणूस सेफ आहे असं समजून फायनलला सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून काहींनी मत दुसरीकडे टाकलं असावं असं तेव्हा बोललं गेलं. मतदान गुप्त असल्यामुळे सिद्ध होणार नाही, पण आपल्याला धडा पुरेसा आहे: जो सेफ वाटतो पण सेफ आकड्याच्या खाली आहे, तोच सगळ्यात धोक्यात असतो, कारण त्याचेच लोक निवांत होतात. अशा उमेदवाराला 95 टक्के देऊ नका, 80-85 वर थांबा.

आता जुलै 2022 घ्या, हे जास्त सरळ आहे. चौथ्या फेरीनंतर सुनक 118, मॉरडॉन्ट 92, ट्रस 86, आणि बेडनॉक 59 वर बाद. एकूण 355, सेफ आकडा 119, सुनक एका मतावर, त्यांना फायनलला धरून चला. दुसऱ्या जागेसाठी ट्रस सहा मतांनी मागे. प्रश्न एवढाच उरतो की बेडनॉक यांच्या 59 पैकी ट्रसना मॉरडॉन्टपेक्षा किमान सात जास्त मिळतील का. ते 59 कोण होते तर बहुतेक पक्षाच्या उजव्या बाजूचे, आणि उरलेल्या तिघांत उजव्या बाजूची उमेदवार ट्रसच. प्रत्यक्षात सुनकना 19, मॉरडॉन्टना 13, ट्रसना 27 गेली, आणि ट्रस आठ मतांनी पुढे निघाल्या. "मॉरडॉन्ट दुसऱ्या नंबरवर आहेत" असं नुसतं वाचणारा इथे फसला असता. पाचवा कॉलम भरलेला असता तर फसला नसता.

स्टेप 7: सदस्यांचे पोल, पण जोडीजोडीने

"तुमचा आवडता कोण" असा दहा नावांचा पोल बाजूला ठेवा. हवा तो जोडीचा पोल, म्हणजे हा विरुद्ध तो, कारण सदस्यांसमोर दोनच नावं येणार आहेत. यूगव्ह असे पोल करते, कन्झर्व्हेटिव्हहोम ही साइट सदस्यांचा स्वतःचा सर्व्हे घेते. जुलै 2022 च्या मध्यावर यूगव्हच्या जोडीच्या पोलमध्ये मॉरडॉन्ट सगळ्यांना हरवत होत्या, आणि त्याच सदस्यांपर्यंत पोचल्या नाहीत. ट्रस सुनकना हरवतील हेही पोल सांगत होते, ते खरं झालं, फक्त ऑगस्टमधल्या पोलमधला फरक फार मोठा होता आणि निकाल लागला 57.4 विरुद्ध 42.6. म्हणजे कोण जिंकेल यासाठी हे पोल चांगले, किती फरकाने यासाठी जरा हात राखून.

खासदारांत पहिला आलेला सदस्यांत जिंकतोच का? 2001 ला हरला, 2005 ला जिंकला, 2019 ला जिंकला, 2022 ला हरला, 2024 ला (बेडनॉक) जिंकल्या. पाचात तीन. सदस्य खासदारांपेक्षा उजवीकडे झुकतात हे साधारण खरं आहे, पण 2005 ला उजवीकडचे डेव्हिस मागे पडले आणि कॅमेरॉन 1,34,446 विरुद्ध 64,398 ने जिंकले, सलग तीन सार्वत्रिक निवडणुका हरल्यावर सदस्यांना जिंकणारा चेहरा हवा होता. त्यामुळे "सदस्य म्हणजे उजवे" एवढ्यावर पूर्ण भार टाकू नका. पक्ष आत्ता कशाने दुखावलाय तेही बघा.

स्टेप 8: टक्केवारी लिहा

"मला वाटतं ट्रस" हा अंदाज झाला नाही. आकडा लिहा. 2022 चंच उदाहरण, आकडे समजावण्यापुरते मी धरलेत. फायनलमध्ये जागा दोन, म्हणून फायनलला पोचण्याच्या सगळ्यांच्या टक्क्यांची बेरीज 200 यायला हवी. सुनक 100, ट्रस 60, मॉरडॉन्ट 40. आता जोडीच्या पोलवरून धरा की ट्रस सुनकना हरवण्याची शक्यता 80 टक्के, मॉरडॉन्ट सुनकना हरवण्याची 75. गुणाकार करा: ट्रस 60 गुणिले 80 टक्के म्हणजे 48. मॉरडॉन्ट 40 गुणिले 75 टक्के म्हणजे 30. उरलेले 22 सुनक. पाचही फेऱ्यांत खासदारांत पहिला आलेला माणूस, फायनलला पक्का असलेला माणूस, आणि जिंकण्याची शक्यता जेमतेम 22. हे टेबल डोळ्यासमोर असलं की टीव्हीवरच्या "सुनक आघाडीवर" या पट्टीचा अर्थ वेगळा लागतो.

स्टेप 9: सट्टेबाजांचे भाव कसे वाचायचे

ब्रिटनमध्ये यावर सट्टा कायदेशीर आहे, आपल्याकडे नाही. पैसे लावू नका, भाव फक्त माहिती म्हणून वाचा. 4/1 असा भाव असेल तर शक्यता 1 भागिले 5, म्हणजे 20 टक्के. सगळ्यांची बेरीज 100 च्या वर जाते कारण त्यात सट्टेबाजाचा नफा असतो, म्हणून प्रत्येक आकड्याला एकूण बेरजेने भागा. तुमचा आकडा बाजाराच्या फार लांब असेल तर आधी स्वतःचा नियमांचा कागद परत तपासा.

स्टेप 10: जिथे हायकमांड आहे तिथे

आपल्याकडे हे गणित जसंच्या तसं चालत नाही, कारण खरी चाळणी अर्ज भरायच्या आधी होते. काँग्रेस अध्यक्षपदाची 2022 ची निवडणूक घ्या. 17 ऑक्टोबरला मतदान, 19 ला मोजणी, मल्लिकार्जुन खर्गे 7897, शशी थरूर 1072, बाद मतं 416. निकालाबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण महिनाभर आधी सगळीकडे नाव होतं अशोक गेहलोत यांचं. ते तेव्हा राजस्थानचे मुख्यमंत्री, म्हणून त्यांच्या जागी कोण हे ठरवायला 25 सप्टेंबरला जयपूरला विधिमंडळ पक्षाची बैठक ठेवली, गेहलोत समर्थक आमदार तिकडे फिरकलेच नाहीत, दिल्ली नाराज झाली, 29 तारखेला गेहलोत यांनी लढणार नाही सांगितलं, दिग्विजय सिंह यांनी फॉर्म नेला होता तेही थांबले, आणि 30 सप्टेंबरला, अर्जाच्या शेवटच्या दिवशी, खर्गे यांचा अर्ज आला. त्या जयपूरच्या बैठकीला निरीक्षक म्हणून गेलेल्या दोघांपैकी एक खर्गेच होते. हायकमांड अडचणीच्या कामाला कुणाला पाठवते, ही अशा पक्षात सगळ्यात चांगली खूण. 1997 ला शरद पवारही याच निवडणुकीत उतरले होते: सीताराम केसरी 6224, पवार 882, राजेश पायलट 354. पवारांचं देशातलं वजन केसरींपेक्षा कितीतरी जास्त, पण मतदार होते प्रदेश काँग्रेसचे प्रतिनिधी आणि संघटना केसरींच्या हातात. परत तोच स्टेप 2.

भाजपमध्ये राष्ट्रीय अध्यक्ष एकमताने ठरवायची पद्धत, म्हणून तिथे मतं मोजण्यात अर्थ नाही. नितीन गडकरींना दुसरी टर्म देता यावी म्हणून 2012 ला पक्षाची घटनासुद्धा बदलली, नाव पक्कं मानलं गेलं, आणि 22 जानेवारी 2013 ला त्यांनी माघार घेतली, दुसऱ्या दिवशी राजनाथ सिंह अध्यक्ष! अशा पक्षात एका नावाला 85 च्या वर कधीच नेऊ नका आणि 10-15 टक्के "यादीत नसलेलं नाव" म्हणून कायम राखून ठेवा, धक्कातंत्र तिथे वारंवार दिसलंय.

स्टेप 11: नोंद आणि मार्क

प्रत्येक फेरीच्या आधी तारीख टाकून टक्के लिहा, नंतर खोडू नका. मार्क द्यायची सोपी रीत: घडलं तर 1, नाही घडलं तर 0, त्यातून तुमचा आकडा वजा करून वर्ग करा. 80 टक्के सांगितलं आणि घडलं तर 0.04, नाही घडलं तर 0.64. कमी मार्क चांगले. एका निकालावरून स्वतःला हुशार किंवा बिनडोक ठरवू नका, सरासरी काढा.

सरावासाठी जपानचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष घ्या. तिथे आताच्या पद्धतीत पहिल्या फेरीत सदस्यांची मतं खासदारांच्या बरोबरीची असतात, दुसऱ्या फेरीत मात्र त्यांच्या जागी प्रांतांची 47 मतं आणि बाकी सगळे खासदार. 2024 ला पहिल्या फेरीत साने ताकाइची 181, शिगेरू इशिबा 154, दुसऱ्यात इशिबा 215, ताकाइची 194. 2012 ला दुसरी फेरी फक्त खासदारांची होती: पहिल्या फेरीत इशिबा 199, शिंझो आबे 141, दुसऱ्यात आबे 108, इशिबा 89. 2025 ला मात्र ताकाइची पहिल्या फेरीत 183 आणि दुसऱ्यात 185, दोन्हीकडे पुढे. अशाच दुसऱ्या वर्षांचे आकडे शोधा, 2021 पासून सुरुवात करा, शेवटच्या फेरीवर कागद ठेवून झाका, सदस्यांची आणि खासदारांची मतं वेगळी करा, बाद झालेल्यांचे खासदार कुठे जातील ते लिहा, टक्के टाका आणि मग कागद उचला.